महाबळेश्वरचा ढग आणि परदेशातली पदवी

पावसाळ्यात महाबळेश्वरला ढग पाहायला मान वर करावी लागत नाही. तो खिडकीतून घरात येतो, वाळत घातलेल्या कपड्यांत मुक्काम करतो आणि गाद्यांना बुरशी लावून जातो. जूनच्या आधी घरे-दुकाने गवताच्या झडपांनी, अलीकडे बहुधा प्लॅस्टिकच्या कागदाने, झाकून घ्यायची आणि चार महिने त्या अंधारात काढायचे, ही इथल्या माणसांची जुनी रीत. पर्यटकांना जे धुके वाटते तो खरे तर जमिनीवर टेकलेला ढग असतो. ढगाच्या अभ्यासकाला एरवी विमान उडवावे लागते. इथे उपकरण मांडून ठेवले की ढगच त्याच्याकडे चालत येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१२ साली महाबळेश्वरला मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली ती याच सोयीसाठी. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर ढगातले थेंब किती, केवढे, ते कोणत्या कणांभोवती धरले आणि त्यांतून पावसाचा थेंब केवढा होऊन खाली आला, याचे मोजमाप तिथे होते. वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर, जिथे काळूबाईची यात्रा भरते, त्या उंचीवरही संस्थेने ढगांवर नजर ठेवणारे रडार बसवले.

हा खटाटोप कशासाठी, ते सातारा जिल्ह्याच्या नकाशावरून कळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यातले दहिवडी आहे. तिथे पाचशे मिलिमीटर झाला तर ते साल चांगले. जिल्हा एक, कलेक्टर एक, समुद्रावरून येणारे वारेही तेच. सह्याद्रीची धार चढताना ढग आपले बहुतेक पाणी टाकतो आणि पुढे उतरताना हवा तापते, कोरडी होते. माण-खटावच्या आकाशात ढग दिसतात, पण ते नुसते जातात. त्या जाणाऱ्या ढगाला थांबवता येईल का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विज्ञानाच्या आधीपासून विचारला जातो. महादेवाच्या पिंडीवर गाभारा भरेपर्यंत पाणी ओतायची चाल त्याच प्रश्नातून आली.

मी हवामानशास्त्राचा पदवीधर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पावसाच्या जुन्या नोंदी जमवण्याचा नाद लागला आणि त्या समजून घेण्यासाठी शोधनिबंध वाचत गेलो. या नादामुळे आजूबाजूची मुले, त्याहून जास्त त्यांचे पालक, शिक्षणाबद्दल विचारायला येतात. अलीकडच्या काळात एक नवा शब्द वारंवार कानावर पडतो. ‘काका, जिओइंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचे तर बाहेर कुठे जावे?’ विचारणाऱ्या मुलीचे बी.एस्सी. झालेले असते, वडिलांनी कर्जाची चौकशी केलेली असते, आणि एखाद्या एजंटाने विद्यापीठांची यादी हातात ठेवलेली असते.

पहिली गोष्ट सांगायची ती या शब्दाचीच, कारण त्यात एक खड्डा आहे. जिओइंजिनिअरिंग हा शब्द दोन निराळ्या विद्यांना लावला जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात जिओ-इंजिनिअरिंग या नावाखाली शिकवतात ते माती, खडक, इमारतींचे पाये, बोगदे आणि बांध. ती उत्तम विद्या आहे आणि समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशात तिला मानही मोठा. पण तिचा हवामानाशी तसा संबंध नाही. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते दुसरे: तापलेली पृथ्वी थंड करण्यासाठी हवा, समुद्र किंवा सूर्यप्रकाश यांच्यात माणसाने जाणूनबुजून, मोठ्या प्रमाणावर केलेला हस्तक्षेप. या दुसऱ्या अर्थाने संपूर्ण पदवी देणारी विद्यापीठे शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. तो वातावरणशास्त्र, हवामानबदल किंवा समुद्रविज्ञान यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातला एखादा विषय आणि शेवटच्या प्रबंधाचा मजकूर असतो. यादीत केवळ नाव पाहून अर्ज करणारा मुलगा ढग शिकायला निघून पायाभरणी शिकून परत येऊ शकतो.

या दुसऱ्या अर्थाच्याही दोन शाखा आहेत. एक, हवेत जमलेला कार्बन डायऑक्साइड काढून घेणे. दुसरी, सूर्याचा थोडा प्रकाश परत अवकाशात पाठवणे. पहिल्या शाखेचा सर्वांत जुना नमुना महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थरावर थर बसले. त्या काळ्या पाषाणावर पाऊस पडत राहिला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका खडकातून धुऊन नेते, आणि कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने नदीवाटे समुद्राला मिळतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते, तो आपला जांभा. कृष्णेने हे काम लाखो वर्षे बिनबोभाट केले. आता हेच घाईने करायचे म्हणून बेसॉल्टची पूड शेतात पसरण्याचे प्रयत्न चालू आहेत. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझचे ५ कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. पूड टाकणे सोपे आहे. टाकलेल्या पुडीने नेमका किती कार्बन धरला आणि तो परत हवेत गेला नाही, हे दाखवणे अवघड आहे.

ही दाखवण्याची अडचण हाच या विद्येचा गाभा आहे, असे माझे मत वाचता वाचता पक्के होत गेले. ती समजून घ्यायला ढगाइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून पुन्हा महाबळेश्वरच्या ढगाकडे येतो. कृत्रिम पाऊस म्हणजे जिओइंजिनिअरिंग नव्हे, हे काटेकोर अभ्यासक आवर्जून सांगतात. तो एका तालुक्याचा, एका दुपारचा मामला. त्याला हवामान-फेरफार म्हणतात, आणि जिओइंजिनिअरिंगचा पट पृथ्वीएवढा. हा भेद बरोबर आहे. पण दोन्हींची मुळाक्षरे एकच आहेत.

ढगातला थेंब हवेत तरंगणाऱ्या एखाद्या कणाभोवती धरतो: मिठाचा कण, धूळ, धूर, काहीही. असा थेंब जेमतेम दहा-वीस मायक्रॉनचा. तो खाली पडत नाही, तरंगतो. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सगळे थेंब सारखे आणि बारीक असतील तर ते एकमेकांना चुकवत राहतात. त्यांत काही मोठे थेंब असले तर ते खाली येता येता लहानांना गिळतात आणि पाऊस सुरू होतो. म्हणून पाऊस हवा असेल तर ढगाच्या तळाशी मिठाचे तुलनेने मोठे, पाणी ओढून घेणारे कण सोडायचे. ही झाली उबदार ढगाची पेरणी. ढग उंच आणि गोठणबिंदूच्या खाली गेलेला असेल तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याच्या स्फटिकाभोवती बर्फ धरतो. अमेरिकेत १९४६ साली व्हिन्सेंट शेफर यांनी ढगात कोरडा बर्फ टाकून पाहिला, पाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुण शोधला, आणि तिथून ही विद्या जगभर गेली.

आता याच मिठाची दुसरी बाजू पाहा. मिठाचे कण अतिशय बारीक केले आणि असंख्य सोडले, तर तेवढेच पाणी जास्त थेंबांत वाटले जाते. थेंब लहान राहतात, पाऊस लांबतो, आणि ढग अधिक पांढरा होतो. पांढरा ढग जास्त प्रकाश परत पाठवतो. समुद्रावरच्या सखल ढगांना अशा रीतीने उजळवून पृथ्वी थंड ठेवता येईल, ही कल्पना जॉन लॅथम यांनी १९९० साली मांडली. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांवर सावली धरण्यासाठी २०२० मध्ये समुद्राच्या पाण्याचे तुषार उडवून तिची लहानशी चाचणीही झाली. मीठ तेच, दाणा मोठा असेल तर ढग रडवण्यासाठी, बारीक असेल तर त्याला कोरडा आणि पांढरा ठेवण्यासाठी. एका बाजूला सोलापूरचा शेतकरी, दुसऱ्या बाजूला पृथ्वीचे तापमान. थेंब आणि कण यांचे हे गणित ज्याला येते त्याला दोन्हीकडे बोलता येते, आणि ते मोजायला महाबळेश्वरसारखी जागा सहज मिळत नाही.

पण पेरणी केली आणि पाऊस पडला, तर तो पेरणीने पडला हे कशावरून? तो ढग तसाही बरसणार असेल तर? गाभाऱ्यात पाणी भरल्यावर पडलेल्या पावसाला विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि विमानातून मीठ टाकणाऱ्यालाही तो चुकत नाही. श्रद्धेची थट्टा म्हणून मी हे म्हणत नाही. दोन्ही उपाय लोक आशा सुटत आली की करतात, म्हणजे जुलै कोरडा गेल्यावर. आणि कोरड्या जुलैनंतर ऑगस्टमध्ये पाऊस येणे तसेही पुष्कळदा घडते.

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या मातीत सरळ भिडलेली माणसे आहेत, आणि त्यांची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आयआयटीएमने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षे वगळून, ११ पावसाळे पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात मिठाची पेरणी केली. मिठाची बारीक पूड ओल्या हवेत गोळा होते म्हणून तीत शंखजिऱ्याची पूड मिसळत आणि विमानातून ढगात सोडत. महत्त्वाची गोष्ट मिठाची नाही, रचनेची आहे. शेजारशेजारचे दोन प्रदेश निवडले होते, मध्ये मोकळा पट्टा. आज कोणत्या प्रदेशावर पेरायचे ते वैमानिक ठरवत नसे, शास्त्रज्ञही नाही. ते चिठ्ठीवर ठरे. ज्याच्यावर पेरले नाही तो प्रदेश त्या दिवसापुरता आरसा. अशी ११ वर्षे जमा झाल्यावर हिशेब निघाला तो सुमारे २४ टक्के वाढीचा. हे योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात चार, असेही सोबत सांगितले. ज्या काळात संगणकावर एक आकडेमोड करायला रांग लावावी लागे, त्या काळात हे काम झाले.

नंतर २००९ पासून संस्थेचा ‘कायपीक्स’ हा मोठा प्रयोग सुरू झाला. आधी देशभर ढगांची विमानातून मोजणी, आणि मग सोलापूरच्या पर्जन्यछायेत पेरणी. तिथे २७६ ढग निवडले. कोणत्या ढगात पेरायचे आणि कोणता तसाच सोडायचा हे पुन्हा चिठ्ठीवर. निकाल २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत जास्त. पण पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरचा विचार केला तर वाढ सुमारे १८ टक्के. वर्तमानपत्रांनी अर्थातच ४६ उचलला. माझ्या वाणिज्य शाखेच्या सवयीला १८ टक्केच मोलाचा वाटतो, कारण शेत, तळे आणि विहीर यांच्या खात्यावर तो जमा होतो. त्याच अभ्यासात जादा पाऊस ८.६७ मिलिमीटर सांगितला आहे. शंभर चौरस किलोमीटरवर तेवढा थर म्हणजे ८६ कोटी ७० लाख लिटर पाणी. खर्च लिटरमागे १८ पैसे. आकडा मोठा दिसतो, पण माणच्या बाजरीला ८.६७ मिलिमीटर म्हणजे एक बरी सर. ती सर वेळेवर आली तर पीक वाचते हेही खरे. आणि आकाशात ढगच नसेल तर पेरायला काही नाही, हे त्याहून खरे. दुष्काळात ढगच कमी असतात, ही या उपायाची जन्मजात गोची आहे.

महाराष्ट्र सरकारनेही २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये पेरणीच्या मोहिमा काढल्या. त्या दुष्काळनिवारणाच्या होत्या, चांगला ढग दिसला की पेरायचे. चिठ्ठी टाकून निम्मे ढग सोडून द्या, असे दुष्काळी तालुक्याच्या सभेत कोण सांगणार? राज्यकर्त्याची अडचण मला समजते. पण न पेरलेला ढग हाताशी नसेल तर मोहीम संपल्यावर फळाबद्दल भांडण उरते, उत्तर मिळत नाही.

आता हाच प्रश्न पृथ्वीएवढा करून पाहू. वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे बारीक कण पसरून सूर्यप्रकाश थोडा अडवावा, या सूचनेला २००६ साली नोबेल विजेते पॉल क्रुट्झन यांच्या लेखाने प्रतिष्ठा मिळवून दिली. निसर्गाने हे करून दाखवले आहे. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हे सांगताना पुष्कळांकडून दुसरे वाक्य राहून जाते: त्याच सुमारास जगभर जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचे पाणीही ठळकपणे घटले. आपल्यासारख्या देशाला हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे.

सोलापुरात न पेरलेले ढग आरसा म्हणून होते. पृथ्वी एकच आहे. तिची न पेरलेली जोडी कुठून आणणार? म्हणून संगणकात पृथ्वी उभी करतात. या कामात भारतीय माणूस अगदी सुरुवातीपासून आहे. गोविंदस्वामी बाला यांनी अमेरिकेत असताना केन काल्डेरा यांच्याबरोबर २००० साली दाखवले, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याची तापवाढ भरून काढायला सूर्यप्रकाश सुमारे १.८ टक्के कमी करावा लागेल. कल्पना कुचकामी ठरवण्यासाठी केलेल्या गणितात ती बऱ्यापैकी चालते असे दिसले, हा त्यातला विनोद. पुढे २००८ साली बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: तापमान मूळपदावर आणले तरी पाऊस मूळपदावर येत नाही, तो त्याच्याही खाली जातो. कारण कार्बन डायऑक्साइड मुख्यतः हवेला तापवतो आणि बाष्पीभवन मुख्यतः जमिनीवर-समुद्रावर पडणाऱ्या उन्हावर चालते. एका खात्यातले कर्ज दुसऱ्या खात्यातून फेडले तर एकूण शिल्लक जुळेल, दोन्ही खाती जुळणार नाहीत. बाला नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे कण कोणत्या अक्षांशावर सोडले तर मान्सूनवर काय परिणाम होतो, याची गणिते केली. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर तो गोलार्ध जास्त थंड होतो आणि पावसाचा विषुववृत्तीय पट्टा दक्षिणेकडे सरकतो. दक्षिणेत सोडले तर उलट. आफ्रिकेतल्या साहेलच्या दुष्काळाबद्दल एक्सेटरच्या जिम हेवूड यांच्या गटाने २०१३ मध्ये हेच दाखवले. म्हणजे युरोपातला उन्हाळा सुसह्य करण्यासाठी कोणी उत्तरेत फवारणी केली, तर बिल दुसऱ्याच पत्त्यावर येऊ शकते.

गणिताबाहेर, खऱ्या समुद्रात झालेल्या प्रयोगाचे आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ साली ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातला ‘लोहा’ आपलाच. दक्षिण महासागरात लोह कमी असल्याने सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. लोह दिले तर त्या फोफावतील, कार्बन शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील, असा तर्क. गोव्याचे वाजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटासेक हे प्रमुख. जानेवारीत केपटाऊनहून ‘पोलारश्टेर्न’ जहाज निघाले आणि युरोपात पर्यावरणवाद्यांनी गदारोळ केला. आदल्याच वर्षी जैवविविधता कराराच्या बॉन परिषदेने समुद्रात लोह टाकण्यावर निर्बंधाचा ठराव केला होता. जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, तज्ज्ञांचे अभिप्राय मागवले आणि महिनाअखेरीस परवानगी दिली. तोवर शास्त्रज्ञ समुद्रात वाट पाहत होते. मग तीनशे चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोहाचे द्रावण सोडले. वनस्पती वाढल्या, तेवढे खरे ठरले. पण त्या पाण्यात सिलिका संपलेली असल्याने जड कवचाच्या डायॅटम वनस्पती वाढल्या नाहीत. मऊ, लहान वनस्पती वाढल्या, त्या कोपेपॉड या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकल्या आणि त्या प्राण्यांना आणखी मोठ्यांनी खाल्ले. कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही. पुष्कळांनी प्रयोग फसला म्हटले. मला तो या विषयातला फार प्रामाणिक प्रयोग वाटतो. लोह टाकून कार्बनचा व्यापार करू पाहणाऱ्या कंपन्या त्या काळी उभ्या राहत होत्या, आणि हे उत्तर त्यांना गैरसोयीचे होते.

आता पदवीकडे. इंग्लंडमध्ये ती एका वर्षाची असते: रेडिंग, लीड्स, एक्सेटर इथे हवामानशास्त्राची जुनी आणि चांगली परंपरा आहे. अमेरिकेत दोन वर्षे. तिथे रटगर्सला ॲलन रोबॉक यांनी वर्षानुवर्षे या विषयावर काम केले, ते बरेचसे टीकाकाराच्या भूमिकेतून, आणि शिकागोत डेव्हिड कीथ यांच्या पुढाकाराने वेगळा गट उभा राहिला आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा अपवाद. आपल्या मध्यमवर्गीय घराला हा फरक आयुष्यभराचा असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती गावात वेळेवर पोचत नाही. पण कुठेही गेलात तरी पहिले काही महिने शिकवतात ते एकच: उष्णता आणि प्रकाश यांचा जमाखर्च, वाहत्या हवेचे गणित, ढगाचे थेंब, संख्याशास्त्र आणि संगणकाची भाषा. यातले बरेचसे पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाशशास्त्र विभागातही शिकता येते. जमीन गहाण टाकायच्या आधी पालकांनी हे पडताळून पाहावे, असे मी स्पष्ट सांगतो. परदेशात जायचे ते शेवटच्या काही महिन्यांच्या प्रबंधासाठी, तो कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या प्रश्नावर करायचा हे ठरवून. तो प्रश्न खिशात नसेल तर नुसते वर्ष जाते.

प्रश्न खिशात घेऊन जाणाऱ्याची मात्र तिथे गरज आहे. सूर्यप्रकाश अडवण्याच्या विषयावरचा पैसा आणि लेखन आजही मुख्यतः अमेरिका-युरोपचे. २०२५ मध्ये ब्रिटनच्या एरिया या सरकारी संस्थेने या क्षेत्रासाठी सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड जाहीर केले, त्यांत लहान मैदानी प्रयोगही आहेत. नाही म्हणायचा अधिकार कुठे आणि कसा चालतो याचीही उदाहरणे तिकडचीच. हार्वर्डच्या गटाला २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाहून फुगा सोडून केवळ उपकरणांची चाचणी करायची होती, कण सोडायचेही नव्हते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या सामी परिषदेने हरकत घेतली, उड्डाण रद्द झाले आणि २०२४ मध्ये सगळा कार्यक्रमच गुंडाळला गेला. रेनडिअर पाळणाऱ्या समाजाला आपले म्हणणे मांडणारी परिषद होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वतीने मान्सूनबद्दल असे बोलायला कोण बसणार, आणि बसणाऱ्याला समोरच्याचे गणित तपासता येईल का? लढाईसाठी हवामान वापरू नये असा करार १९७७ साली झाला, व्हिएतनामवर अमेरिकेने पाच वर्षे चोरून ढग पेरल्याचे उघड झाल्यानंतर; भारत त्यात सामील आहे. चांगल्या हेतूने हवामान वापरण्याबद्दल मात्र तसा सर्वमान्य करार नाही.

म्हणून परवा एका मुलीने प्रबंधासाठी विषय विचारला तेव्हा मी तिला नकाशा काढून दाखवला. सूर्यप्रकाश कमी केला तर पावसाचे काय होईल, याच्या जगभरच्या संगणकीय प्रयोगांचा ‘जिओमिप’ नावाचा प्रकल्प २०११ पासून चालू आहे आणि त्याची आकडेवारी कोणालाही फुकट मिळते. या प्रतिकृतींत पृथ्वीची विभागणी चौकटींत केलेली असते, आणि पुष्कळ प्रतिकृतींत एका चौकटीची बाजू शंभर किलोमीटर किंवा त्याहून मोठी. सह्याद्रीची धार त्या चौकटीत एक बुटका उंचवटा होऊन बसते. महाबळेश्वर आणि दहिवडी बहुधा एकाच चौकटीत पडतात, आणि त्या चौकटीला पावसाचा आकडा एकच. मान्सून पाच टक्क्यांनी घटेल असे एखादा निबंध सांगतो तेव्हा ते पाच टक्के साडेपाच हजारांतून जातात की पाचशेतून, हे त्या आकड्यात दिसत नाही. महाबळेश्वरला ढगांच्या थेंबांची काही वर्षांची मोजणी आहे, मांढरदेवच्या रडारची निरीक्षणे आहेत, दहिवडीला आणि म्हसवडला पर्जन्यमापके आहेत. ती एक चौकट फोडून तिचे दहा-दहा किलोमीटरचे तुकडे करायचे आणि फवारणी झालेल्या त्या कल्पित जगात प्रत्येक तुकड्यावर किती पाऊस पडतो ते काढायचे. लीड्सच्या एका प्राध्यापकांना तिने तसे पत्र लिहिले आहे.